पाळणा आणि दप्तर

इ. स. १७७३ च्या ऑगस्टअखेरीस शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा त्यांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. आणि पुढील कित्येक महिने मराठी दौलतीचे सारे राजकारण त्या एका गर्भाभोवती फिरत राहिले. बारभाई या कारभाऱ्यांच्या मंडळाने बाईंना पुरंदरावर नेले, सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई सोबतीला दिल्या, आणि १८ एप्रिल १७७४ रोजी पुत्रजन्म झाल्यावर, ते तान्हे चाळीस दिवसांचे होते न होते तोच, पेशवाईची वस्त्रे आणवून त्याच्या नावे कारभार सुरू केला. नारायणरावांचे चुलते राघोबादादा यांच्या पक्षाने या जन्माविषयीच संशय उठविला होता. वस्त्रे हाच त्यावरचा दाखला. अपत्याचा जन्म हा देहाचा व्यवहार असला, तरी त्याचा स्वीकार हा दप्तराचा व्यवहार, ही गोष्ट आपल्या इतिहासात पुढेही वारंवार प्रत्ययास येते. झाशीच्या लक्ष्मीबाईंचा स्वतःचा मुलगा काही महिन्यांचा होऊन वारला. गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी, १८५३ च्या नोव्हेंबरात, इंग्रज अधिकाऱ्यासमक्ष दत्तविधान केले. पण डलहौसीच्या कचेरीने तो दत्तक नामंजूर करून संस्थान खालसा केले.

सामान्यांच्या घरी सनदांचा प्रश्न नव्हता. तिथे निवाडा होई तो स्त्रीचा. मूल झाले नाही तर दोष तिच्या कुशीचा, हे आधीच ठरलेले असे. नवससायास, उपासतापास, पिंपळाच्या प्रदक्षिणा हे सर्व तिनेच करायचे, आणि त्याला फळ आले नाही की सवतीसाठी माप भरून ठेवायचे तेही तिनेच. पुरुषाच्या ठायी उणे असू शकेल ही शंकासुद्धा त्या घरांतून उच्चारली जात नसे. आणि या एका गृहीतकाखाली किती निरपराध बायका आयुष्यभर मान खाली घालून वावरल्या असतील, या विचाराने मन आजही व्याकुळ होते.

पाळणा हलला तरी धास्ती सरत नसे. बाळंतिणीची अंधारी खोली, बाजेखालची शेगडी, ओवा-शेपांची धुरी, सहाणेवर हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ यांचे मोजून वेढे देऊन आईच्या दुधात उगाळलेली गुटी, ही सारी व्यवस्था सुईण आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका पाहत, आणि तीत पिढ्यान्‌पिढ्यांची माया होती हे निःसंशय. पाचव्या रात्री सटवाईपुढे कोरा कागद व लेखणी ठेवीत, कारण त्या रात्री ती बाळाचे ललाट लिहून जाते अशी श्रद्धा. त्याच पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात धनुर्वाताने कित्येक अर्भके दगावत. ते सटवाईचे लिखित नसून नाळ कापणाऱ्या अस्वच्छ हत्याराचे कृत्य होते, हे कळायला फार काळ जावा लागला.

ज्या कुशीला दोष दिला जाई तिच्यासाठी शरीराबाहेर गर्भधारणा घडविण्याची विद्या २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडात ओल्डहॅम येथे फळास आली. त्यानंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर रोजी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने एक मुलगी जन्मली. त्यांनी संप्रेरके देऊन स्त्रीबीजे वाढविली होती आणि तयार झालेला गर्भ गोठवून ठेवून मग मातेच्या उदरात रोविला होता. गोठविलेल्या गर्भापासून जन्म झाल्याची वार्ता ऑस्ट्रेलियातून आली ती १९८४ मध्ये. परंतु राज्य सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने मुखोपाध्यायांचे म्हणणे अग्राह्य ठरविले. मूल मांडीवर खेळत होते आणि दप्तर ते अमान्य करीत होते! परदेशी परिषदेस जाण्याची परवानगी नाकारली गेली, पुढे नेत्ररोगाच्या संस्थेत बदलीचा हुकूम आला, आणि १९ जून १९८१ रोजी या मानी पुरुषाने आपल्या हाताने जीवनयात्रा संपविली. झाशीच्या दत्तकाला नाकारणारी कचेरी परक्यांची तरी होती.

मुंबईत परळला, गिरणगावाच्या ऐन वस्तीत, महापालिकेच्या के. ई. एम. रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून अशाच उपचाराने एक कन्या जन्मास आली. प्रयोगशाळेची बाजू परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांनी सांभाळली होती. येथे नोंदी अशा चोख होत्या की शंकेला जागा उरली नाही, आणि देशातील पहिले परीक्षानलिका-बालक म्हणून तिचेच नाव दप्तरी रुजू झाले. हे घडले ते गोरगरिबांसाठी चालणाऱ्या पालिकेच्या इस्पितळात, कोणा धनिकाच्या शुश्रूषागृहात नव्हे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

१९९७ मध्ये आनंदकुमार कोलकात्यास गेले असता मुखोपाध्यायांची टिपणे त्यांच्या हाती आली. ती त्यांनी बारकाईने तपासली, आणि कोलकात्याची ती मुलगी अठरा वर्षांची झाली असताना, ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून पहिलेपणाचा मान मुखोपाध्यायांचाच आहे असे जाहीर केले. ज्या मानाचे ते स्वतः वाटेकरी होते, तो त्यांनी कोणाच्या मागणीवाचून, सोळा वर्षांपूर्वी निधन पावलेल्या माणसाच्या नावे चढविला.