तांबटाचा खांदा आणि चिकटपट्टी

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही जुनी वस्ती. तांब्याच्या भांड्याला आकार दिल्यावर त्यावर सारखे ठोके देत बारीक पैलू उठवतात, त्याला मठारकाम म्हणतात. हे ठोके केवळ शोभेचे नसतात. ठोकल्याने तांब्याच्या स्फटिकांची रचना विस्कटते आणि धातू कडक होतो. मऊ पत्र्याच्या घंगाळाला ताठपणा येतो तो त्यामुळे. पण आज आमचे लक्ष घंगाळाकडे नसून हातोडी उचलणाऱ्या खांद्याकडे आहे.

शाळेत आपण खांद्याला उखळीचा सांधा म्हणतो. खुब्याची उखळ खोल असते. खांद्याची मात्र बशीसारखी उथळ. म्हणून हात चौफेर फिरतो, आणि म्हणूनच सांधा सांभाळण्याचे बरेचसे काम हाडांऐवजी चार स्नायूंना करावे लागते. त्यांपैकी वरच्या स्नायूची कंडरा खांद्याच्या टोकावरील हाडाखालच्या चिंचोळ्या जागेतून जाते. दिवसभर हातोडी चालवणारा, छत रंगवणारा किंवा फळ्याच्या वरच्या ओळीपासून लिहिणारा, या सर्वांची ही कंडरा दुखावू शकते.

दुखऱ्या सांध्याला बांधणे हा उपाय फार जुना. सुश्रुतसंहितेत पट्टी बांधण्याचे चौदा प्रकार सांगितले आहेत. खांदा निखळला तर काखेत मुसळ घालून तो वर उचलावा आणि जागेवर बसल्यावर ‘स्वस्तिक’ बंधाने बांधावा, असेही त्यात आहे. (उखळीच्या सांध्याला मुसळ, हा योगायोग गमतीचा!) हेतू स्पष्ट होता: हाड जागेवर ठेवणे, हालचाल थांबवणे. १८४५ साली अमेरिकेत रबरयुक्त चिकट पट्टीचे पेटंट घेतले गेले आणि १९०१ मध्ये जर्मनीच्या बायर्सडॉर्फ कंपनीने झिंक ऑक्साइडची पट्टी बाजारात आणली. खेळाडूंचे घोटे त्यानंतर अशाच पट्ट्यांनी आवळले जाऊ लागले. तत्त्व सुश्रुताचेच, फक्त गाठीच्या जागी गोंद आला.

दरम्यान वैद्यकाचा हालचालीकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलत होता. आपल्याकडे याला निमित्त झाले पोलिओचे. १९५२ च्या मुंबईतील साथीनंतर, १९५३ मध्ये, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचार शिकवणारी देशातील पहिली शाळा सुरू झाली. दुबळा स्नायू बांधून ठेवण्यापेक्षा त्याला हळूहळू कामाला लावणे हा या शास्त्राचा गाभा.

मग बांधायचेही आणि हलवायचेही, हे कसे साधावे? जपानचे केन्झो कासे यांनी १९७० च्या दशकात सुती, ताणली जाणारी, चिकट पट्टी तयार केली. तिच्यात औषध नसते. ती त्वचेला किंचित वर उचलते, त्यामुळे रक्त व लसीका यांचा प्रवाह सुधारतो आणि वेदना कमी होते, असा दावा होता. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू केरी वॉल्श खांद्यावर काळी पट्टी लावून खेळली, सुवर्णपदक जिंकली, आणि पट्टी जगभर पोचली.

पदक हा पुरावा नव्हे. त्याच वर्षी अमेरिकेत खांदा दुखणाऱ्या ४२ तरुणांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना नियमानुसार पट्टी लावली, काहींना तीच पट्टी ताण न देता, नुसती दिखाऊ. खऱ्या पट्टीने लगेचच हात सुमारे १७ अंश अधिक, न दुखता, वर जाऊ लागला. पुढील दिवसांत मात्र दोन्ही गटांत फरक उरला नाही. २०२१ मध्ये कॉक्रेन संस्थेने २३ चाचण्यांचा, एकूण १,०५४ रुग्णांचा, आढावा घेतला. त्यातही दिखाऊ पट्टीपेक्षा खऱ्या पट्टीचा फायदा खात्रीने दाखवता आला नाही.

पट्टीलाच दोष देऊ नये. हाडाखालची जागा अपुरी पडून कंडरा घासते, हा विचार अमेरिकी शल्यविशारद चार्ल्स नीअर यांनी १९७२ मध्ये मांडला आणि हाड तासण्याच्या शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागल्या. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ब्रिटिश चाचणीत काही रुग्णांचे हाड तासले, काहींच्या सांध्यात फक्त दुर्बीण घालून पाहिले. दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच आराम पडला! दिखाऊ उपचाराशी तुलना करायला येथे चार दशकांहून अधिक काळ जावा लागला. पट्टी निदान सोलून काढता येते.

मग ते १७ अंश आले कुठून? त्वचेतील स्पर्शसंवेदक ताण ओळखतात, त्यांच्या संदेशांमुळे वेदनेची जाणीव मंदावत असावी, हा एक तर्क. दुखऱ्या जागी आपण आपसूक हात चोळतो, तसेच काहीसे. तांबटाच्या दृष्टीने १७ अंश क्षुल्लक नाहीत. तेवढ्याने एक दिवसाची मजुरी पदरात पडू शकते. पण कंडरेला पेलायची सवय लागते ती क्रमाने वाढवलेल्या व्यायामाने. पट्टीमुळे तो व्यायाम सुसह्य होत असेल तर ती जरूर लावावी. वेदना दबली म्हणून दुप्पट ठोके घालणे मात्र घातकच. त्वचेला खाज सुटली किंवा पुरळ उठले तर पट्टी काढावी. हाताला बधिरता आली किंवा हात उचलेनासाच झाला, तर पट्टीच्या नादी न लागता डॉक्टरांकडे जावे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. निरोगी विद्यार्थ्याने डोळे मिटून हात बरोबर खांद्याच्या पातळीवर आणावा. भिंतीवर कागदी कोनमापक लावून चूक किती अंशांची ते मोजावे. दहा वेळा पट्टीविना, दहा वेळा पट्टी लावून आणि दहा वेळा सैल, दिखाऊ पट्टी लावून. कोणती पट्टी खरी, हे मोजणाऱ्याला कळू देऊ नये.