हौद्याच्या काठावरचा माणूस : गोळेश्वर ते पुनवत

१/
जुलै १९५२, हेलसिंकी. सातारा जिल्ह्यातला एक मल्ल जपानी प्रतिस्पर्ध्याशी प्रदीर्घ झुंज देऊन नुकताच मॅटवरून उतरला होता. छातीचा भाता अजून शांत झाला नव्हता, तोच पुढच्या कुस्तीसाठी त्याच्या नावाचा पुकारा झाला. दोन कुस्त्यांच्या दरम्यान किमान ३० मिनिटांची विश्रांती मिळावी, असा नियम होता. तो नियम पंचांना ठणकावून सांगणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे नव्हता.

२/
तो मल्ल म्हणजे खाशाबा दादासाहेब जाधव, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेते. त्यांच्या पदकाची कथा आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. आजचा थ्रेड मात्र मॅटच्या काठावरच्या त्या रिकाम्या जागेविषयी आहे. आणि सांगली जिल्ह्यातल्या अशा एका मल्लाविषयीही, ज्यांनी स्वतःची कुस्ती संपल्यावर उरलेले आयुष्य हौद्याच्या काठावर उभे राहून घालवले.

३/
ही काठावरची जागा किती मोलाची असते, हे समजण्यासाठी एक दूरचे उदाहरण घेऊ. अमेरिकेत १९४८ मध्ये स्टॉक कार शर्यतींची ‘नॅसकार’ ही संस्था स्थापन झाली. या शर्यतीतला चालक पट्ट्यांनी आसनाला जखडलेला असतो. डोक्यावर शिरस्त्राण, मानेला आधार देणारे साधन. त्यामुळे मान वळवून शेजारची गाडी पाहणे त्याला जवळजवळ अशक्य. मोठ्या धावपट्टीवर वेग तर ताशी ३०० किलोमीटरच्या घरात.

४/
अशा वेळी प्रेक्षागृहाच्या छतावर एक माणूस उभा असतो. हातात रेडिओ, नजर आपल्या एकाच गाडीवर. ‘आतल्या बाजूला गाडी आहे’, ‘बाहेरून येतोय’, ‘आता मोकळे’ एवढेच तो सांगत राहतो. त्याला ‘स्पॉटर’ म्हणतात. टी. जे. मेजर्स हा स्वतः शर्यती खेळलेला चालक पुढे डेल अर्नहार्ट ज्युनियरचा स्पॉटर झाला. २०१४ ची ‘डेटोना ५००’ अर्नहार्टने जिंकली, तेव्हा त्याच्या कानात मेजर्सचाच आवाज होता.

५/
या कामाला अनुभवी चालक का लागतो? डोळे तर सर्वांनाच असतात. परंतु आत बसलेल्याला या क्षणी काय दिसत नाही, हे आत बसून आलेल्यालाच ठाऊक असते. किती बोलावे आणि कधी गप्प राहावे, हेही त्यालाच कळते. आपल्या मातीत असे काम करणाऱ्या माणसाला फार जुने नाव आहे : वस्ताद.

६/
कुस्तीत पटाला गेलेल्या मल्लाचा विचार करा. मान प्रतिस्पर्ध्याच्या काखेत अडकलेली, डोळ्यांत माती, समोर दिसतो तो फक्त एक पाय. प्रतिस्पर्ध्याचे वजन कोणत्या पायावर आले आहे, तो थकला आहे की थकल्याचे सोंग करतो आहे, हे काठावरच्याला दिसते. म्हणूनच हलगीच्या कडकडाटातही पोरगा एकच आवाज शोधत असतो.

७/
अर्थात स्पॉटरचे काम शर्यतीपुरते, वस्तादाचे मात्र चोवीस तासांचे. पहाटेचे जोर-बैठका, हौद्यातली माती, दूध-तूप-बदामाचा खुराक, तालमीतली शिस्त हे सारे त्याच्या नजरेखाली. कोणत्या मैदानात कोणाशी जोड लावायची, हेही तोच ठरवतो. ‘ही जोड आज नको’ असे सांगून शिष्याला थांबवणारा वस्ताद त्याची काही वर्षे वाचवत असतो.

८/
कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातल्या पोरांसाठी या विद्येचे मोठे पीठ म्हणजे कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. १९१२ मध्ये खुले झालेले खासबाग मैदान आजही त्याची साक्ष देते. सातारा-सांगलीच्या गावांतून निघालेला होतकरू मल्ल गावची तालीम मागे टाकून कोल्हापूरची वाट धरी. आपल्या कथेतल्या दोन्ही मल्लांनी तीच वाट धरली.

९/
खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः मल्ल होते. कराडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण घेऊन खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक साहाय्याने पोहोचले.

१०/
तेथे अडचण अशी की खाशाबा मातीतले आणि स्पर्धा मॅटवरची. मातीत पाय रुततो, मॅटवर तो सरकतो. मातीच्या मैदानात चितपट झाली की निकाल लागला. मॅटवर घड्याळ, गुण आणि पंचांचे मत यांचा हिशेब आला. लंडनमध्ये रीस गार्डनर या अमेरिकी मल्लाने त्यांना मार्गदर्शन केले. फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले. मॅटवर नवखा असलेल्या मल्लासाठी हे यश लहान नव्हते.

११/
चार वर्षांनी हेलसिंकी. या वेळी प्रवासखर्चाचाच प्रश्न होता. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. गावकऱ्यांनीही वर्गणी गोळा केली. काठावरचा माणूस नेहमी वस्तादाच्याच रूपात येतो असे नाही. कधी तो प्राचार्याच्या रूपातही येतो.

१२/
५७ किलो वजनी गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशी याच्याशी. ही कुस्ती शेवटपर्यंत रंगली आणि इशीने ती जिंकली. त्यानंतर लगेच सोव्हिएत रशियाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी लढण्याचा पुकारा झाला. थ्रेडच्या सुरुवातीचा क्षण तो हाच. थकलेले खाशाबा मॅटवर गेले आणि हरले.

१३/
पुढे इशीने सुवर्णपदक घेतले, मम्मदबेयोव्हने रौप्य. त्या ऑलिंपिकमध्ये जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्णपदक. म्हणजे खाशाबांना ज्या दोघांनी हरवले, तेच दोघे त्यांच्या वरच्या दोन पायऱ्यांवर उभे राहिले. खाशाबांच्या गळ्यात कांस्यपदक आले.

१४/
येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध राहायला हवे. अर्धा तास मिळाला असता, तर पदकाचा रंग बदलला असताच, असे म्हणता येणार नाही. मम्मदबेयोव्ह हाही कसलेला मल्ल होता. ‘असे झाले असते तर’ या प्रश्नाचे उत्तर इतिहास देत नाही. मात्र त्या जागी काय नव्हते, याची नोंद तो निश्चित करू शकतो. मल्ल होता, तयारी होती, नियमही होता. तो नियम त्या क्षणी उच्चारणारा माणूस तेवढा नव्हता.

१५/
खाशाबा परतले तेव्हा कराड परिसरात शेकडो बैलांच्या गाड्यांची मिरवणूक निघाली. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले आणि सहायक पोलीस आयुक्त पदावरून निवृत्त झाले. १९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. मॅटवर एकटे पडलेल्या माणसाला सन्मानाच्या बाबतीतही एवढी वाट पाहावी लागली.

१६/
आता वारणेकाठी येऊ. सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यातले पुनवत हे गाव. येथे १९३५ मध्ये गणपतराव आंदळकर यांचा जन्म झाला. कोल्हापूरच्या तालमीत घडलेला हा धिप्पाड मल्ल १९६० मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी, हिंदकेसरी झाला. मातीतला सर्वोच्च मान त्यांच्या खांद्यावर आला.

१७/
१९६२ मध्ये जकार्ता येथे आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. आंदळकरांनी सर्वांत वरच्या वजनी गटात ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य पटकावले. त्याच स्पर्धेत सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य मिळवले. एकाच जिल्ह्यातल्या दोन मल्लांनी एका स्पर्धेत चार पदके आणली!

१८/
ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली पकड करता येत नाही आणि पायांचा वापरही चालत नाही. पट काढण्यात आणि टांग मारण्यात हयात गेलेल्या मातीतल्या मल्लाने या प्रकारात सुवर्ण जिंकावे, याचा अर्थ असा की आंदळकरांनी नवे नियम केवळ पाळले नव्हते, ते अंगात मुरवले होते. १९६४ मध्ये ते टोकिओ ऑलिंपिकला गेले आणि त्याच वर्षाचा अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला.

१९/
आणि मग त्यांनी जागा बदलली. लांग उतरवून ते कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून उभे राहिले. हे स्थित्यंतर वाटते तितके सोपे नसते. हौद्यात असताना टाळ्या तुमच्या असतात. काठावर आल्यावर त्या दुसऱ्याच्या होतात. शिष्य जिंकला तर खांद्यावर तो बसतो. हरला तर मात्र लोक विचारतात, वस्ताद कोण होता?

२०/
मोतीबागेत त्यांच्या नजरेखाली अनेक मल्ल घडले. दादू चौगुले १९७० आणि १९७१ अशी सलग दोन वर्षे महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७४ मध्ये ख्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. विष्णू जोशीलकर हेही त्याच तालमीचे नाव. हिंदकेसरीची गदा आंदळकरांनी एकदा जिंकली. शिष्यांच्या हातात गदा येताना मात्र त्यांनी अनेकदा पाहिली.

२१/
१६ सप्टेंबर २०१८ रोजी आंदळकरांचे निधन झाले. त्याच महिन्यात दादू चौगुले यांना राष्ट्रपतींच्या हस्ते ध्यानचंद पुरस्कार मिळाला. वस्तादाने तो सोहळा पाहिला नाही. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, शिष्यही गेला. मोतीबागेच्या एका मोठ्या कालखंडावर पडदा पडला.

२२/
आता आपल्यापुरता प्रश्न. क्रीडेचा इतिहास लिहिताना आपण कोणती कागदपत्रे चाळतो? निकालपत्रके, पदकांच्या याद्या, पुरस्कारांची राजपत्रे. या सर्वांत मॅटवर उतरलेल्याचे नाव असते. काठावरून कोणी काय सांगितले, कोणती जोड नाकारली, कोणाला रात्री उपाशी झोपू दिले नाही, याला रकानाच नसतो. ते केवळ माणसांच्या आठवणीत राहते आणि माणसांबरोबर जाते.

२३/
म्हणून एक विनंती. तुमच्या गावात तालीम असेल तर तेथल्या जुन्या वस्तादांकडे जा. ते कोणाकडे शिकले, त्यांचे वस्ताद कोण, ही साखळी जितकी मागे नेता येईल तितकी लिहून घ्या. गाव, साल, मैदान यांसह घ्या. कराड, शिराळा, मिरज, वाळवा, खटाव या तालुक्यांत हे काम आज होऊ शकते. दहा वर्षांनी ते होईलच असे नाही.

२४/
हेलसिंकीची निकालपत्रिका सांगते : जाधव, तिसरे. ती खोटे सांगत नाही. पण तिच्या समासात एक रिकामी जागा आहे. तेथे एका माणसाने उभे राहायला हवे होते आणि ‘अर्धा तास झालेला नाही’ एवढे चारच शब्द म्हणायला हवे होते. पुनवतच्या गणपतरावांनी मोतीबागेत ज्या जागेवर आपली कित्येक वर्षे वेचली, ती जागा हीच. (समाप्त)