जुना डेस्कटॉप बिघडला तर आधी काय पाहावे

आपल्या बऱ्याच घरांत दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला डेस्कटॉप अजून टेबलावर आहे. मुले पुण्याला, बंगळूरला गेली आणि यंत्र मागे राहिले. त्यात मुंजी-लग्नांचे फोटो, स्कॅन केलेले घराचे कागद, कुणाच्या आईच्या आवाजातले रेकॉर्डिंग. यंत्र बाजारात मिळते, हे मिळत नाही. म्हणून मेकॅनिकला फोन करण्याआधी आत वाचवण्यासारखे काही आहे का, हे आठवावे, आणि त्याला तेच पहिल्या वाक्यात सांगावे. नाहीतर 'विंडोज नवीन टाकून देतो' म्हणत तो डिस्क फॉरमॅट करतो.

हार्ड डिस्कमधून ठरावीक अंतराने टक्-टक् आवाज येत असेल तर संगणक लगेच बंद करावा. पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. दर खेपेला पृष्ठभागावर ओरखडे पडण्याचा धोका असतो. हे काम डेटा रिकव्हरी करणाऱ्यांचे आहे आणि ते महाग आहे. डिस्क फ्रिजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजून फिरतो. तो ऐकू नये, आत दव धरते.

आवाज नाही, पण फाइल उघडायला मिनिटे लागतात, मधेच सगळे गोठते, अशा वेळी क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम डिस्कची प्रकृती दाखवतो. पिवळा किंवा लाल रंग दिसला की आधी फोटो आणि कागद दुसरीकडे उतरवावेत. चेकडिस्क नंतर. आजारी डिस्कवर ते तासन्‌तास चालते आणि तेवढ्यात ती दम तोडू शकते. डिस्क काढून लॅपटॉपला लावायची असेल तर एक खाचखळगा आहे: डेस्कटॉपच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते साध्या यूएसबी केबलमधून मिळत नाहीत. स्वतःचा अडॅप्टर असलेला डॉक घ्यावा.

आम्ही बँकेत डे-एंडनंतर बॅकअप घेतल्याशिवाय शाखेला कुलूप लावत नसू. घरी मात्र तोच माणूस सगळे एका डिस्कवर ठेवतो, मीही ठेवले होते. दोन प्रती हव्यात, त्यांतली एक दुसऱ्या घरी. वर्षानुवर्षे कपाटात ठेवायची प्रत एसएसडीवर नको. वीज न मिळाल्यास तिच्यातली माहिती हळूहळू पुसट होऊ शकते.

भिंतीवरचा स्विच बंद केला की तारीख अनेक वर्षे मागे जाते? मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल संपला आहे. तारीख चुकली की बँकेची वेबसाइटसुद्धा 'सुरक्षित नाही' म्हणते आणि लोक व्हायरस समजून घाबरतात. सेल स्वस्त आहे, पण बदलण्याआधी बायोसच्या पडद्यांचे मोबाईलवर फोटो काढावेत. साटा मोड बदलला गेला तर विंडोज सुरू होत नाही आणि दोष उगाच डिस्कवर येतो.

पंखा फिरतो पण पडदा काळा, बीप वाजतात: बहुधा रॅम. प्लग काढावा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, रॅमची पट्टी काढून सोनेरी कड पांढऱ्या खोडरबराने हलके पुसावी, दोन्ही बाजूंची खिटी बसेपर्यंत परत दाबावी. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नये. प्लग काढल्यावरही आत विद्युतभार राहतो.

इंटरनेट चालत नसेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' पाहावे. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. केबल किंवा राउटर तपासावा, कंपनीला फोन नंतर. केबलने जोडूनही वेग १०० एमबीपीएसच्या वर जात नसेल तर केबलच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलेली असते किंवा पिनमध्ये चारच तारा बसवलेल्या असतात. जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात मागच्या खोलीसाठी २.४ गिगाहर्ट्‌झ निवडावे. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान, पण भिंतीत अडते.

विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. अशा यंत्रावर फोटो पाहावेत, पत्रे टाइप करावीत. पेन्शनचे खाते त्यावर उघडू नये.