यंत्रशाळेतील देवता

रोम नगरीच्या ओस्तिएन्से मार्गावर एक जुना वीजकारखाना उभा आहे. नगरपालिकेने चालविलेला तेथील हा पहिला वीजकारखाना १९१२ साली सुरू झाला. सार्वजनिक सेवा नगरपालिकांच्या हाती असाव्यात, या मताचे पुरस्कर्ते अर्थशास्त्रज्ञ जोव्हान्नी माँतेमार्तिनी यांचे नाव त्यास पुढे देण्यात आले. १९६३ साली तो बंद पडला. १९९७ साली कॅपिटोलिन संग्रहालयाची दुरुस्ती निघाली, तेव्हा तेथील शेकडो प्राचीन शिल्पे तात्पुरती म्हणून येथे आणली गेली; आणि ही तात्पुरती सोयच पुढे कायमची झाली.

मी तेथे गेलो तो मूर्ती पाहावयास. परंतु प्रथम दृष्टीत भरली ती यंत्रे. १९३३ साली बसविलेली दोन अजस्र डिझेल इंजिने आजही जागच्या जागी आहेत आणि त्यांच्या काळ्या अंगासमोर शुभ्र संगमरवरी देवता उभ्या आहेत. दोघांचेही काम संपलेले. म्हणूनच की काय, त्यांचा शेजार विजोड वाटत नाही.

एका भग्न मूर्तीपुढे मात्र पाय थबकले. एक प्रचंड मस्तक, एक हात आणि पावले, एवढेच तिचे उरले आहे. ‘आजच्या दिवसाची भाग्यदेवता’ हे तिचे नाव. इसवी सनापूर्वी १०१ साली व्हर्सेल्लीच्या रणांगणावर सेनापती कातुलुस याने तिला नवस केला आणि जय मिळताच देऊळ बांधून तो फेडला. ही रीत आपणांस काही परकी नव्हे.

वकिली पेशामुळे मला तेथे १९२५ सालचा एक निवाडा आठवला. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यातील दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने म्हटले की, मूर्ती ही जंगम मालमत्ता नव्हे. कायद्याच्या दृष्टीने ती व्यक्ती आहे, तिने कोठे राहावे याविषयी तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे आणि तिच्या वतीने बोलण्यास निःपक्षपाती प्रतिनिधी हवा. या रोमन देवतेच्या वतीने कोण बोलणार? तिच्यापुढे दिवा लावणारेच उरले नाहीत.

स्थलांतर आपल्या दैवतांसही चुकले नाही. १५६० साली कुशस्थळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळास आला. जागा गेली, देऊळ गेले. परंतु सेवेकरी बरोबर होते, म्हणून देव देवच राहिला. दैवत टिकते ते दगडाच्या बळावर नव्हे, सेवेच्या बळावर.

तथापि रोमकरांकडून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. ज्याचे काम संपले ते त्यांनी मोडीत काढले नाही. मूर्ती नाही आणि इंजिनही नाही. जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुने कोरीव खांब अडगळीत टाकण्यापूर्वी आपल्या महाजनांनी क्षणभर थांबून एवढे आठवावे.