बिनतारी मार्गाचे प्रत्याभरण : भ्रमणध्वनीवरील भाराचा इतिहास

प्रस्तुत लेखात, बिनतारी मार्गाची स्थिती मनोऱ्याला कळविण्याचा भार भ्रमणध्वनीवर कसा वाढत गेला, याचा मागोवा घेतला आहे. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी भ्रमणध्वनीसेवेचा प्रारंभ झाला. त्या जीएसएम पद्धतीत संभाषण चालू असता भ्रमणध्वनी साधारणतः दर ४८० मिलिसेकंदांनी संकेताची तीव्रता व गुणवत्ता कळवीत असे. हे काम हलके होते.

पाचव्या पिढीत चित्र पालटले. तिचे मानक २०१८ मध्ये सिद्ध झाले. महाराष्ट्रात सेवा २०२२ मध्ये आली. अनेक अँटेनांमुळे मनोऱ्याला सविस्तर अहवाल लागतात व प्रत्येक अहवाल भ्रमणध्वनीची गणनशक्ती व्यापतो. म्हणून मानकाने या शक्तीची एकके ठरविली. आपली एकके किती, हे भ्रमणध्वनी आधीच जाहीर करतो. मागणी त्याहून वाढल्यास कमी अग्रक्रमाचे अहवाल अद्ययावत करण्याचे बंधन त्याच्यावर राहत नाही. मनोऱ्याला मग जुन्या माहितीवर विसंबावे लागते.

यावरून असे म्हणता येईल की, खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजासारख्या गावी सेवेचा दर्जा केवळ मनोऱ्यांच्या संख्येवरून मापू नये. विद्यार्थ्याच्या हातातील संचाची क्षमताही विचारात घेणे अगत्याचे आहे.