मुंबईच्या फोटो क्लबाचे फोटो आणि त्याखाली न लिहिलेली नावं

१९ ऑगस्ट आला की आपल्याकडे गावोगावी फोटोग्राफर संघटनांचे कार्यक्रम होतात. कॅमेऱ्याची पूजा, ज्येष्ठांना शाल-श्रीफळ, रक्तदान शिबिर, बक्षीस वाटप. १८३९ साली याच दिवशी फ्रान्समध्ये दागेरची फोटो काढण्याची पद्धत जगासाठी खुली झाली, म्हणून हा जागतिक फोटोग्राफी दिन. भाषणात एवढंच येतं. एका गोष्टीचा उल्लेख मी आजवर एकाही व्यासपीठावरून ऐकलेला नाही. भारतातला पहिला फोटो क्लब आपल्या मुंबईत निघाला आणि त्यात आपली माणसंही होती. पोस्ट मोठी आहे, पण सवडीने वाचा. शेवटी तुमच्या-माझ्या गावाचा विषय आहे.

साल १८५४, महिना ऑक्टोबर. 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. लंडनची अशी संस्था आदल्याच वर्षी, १८५३ मध्ये निघाली होती. पॅरिसमधली जी संस्था आजही चालू आहे ती १८५४ च्या नोव्हेंबरातली. म्हणजे या बाबतीत मुंबई कुणाच्या मागे नव्हती. कलकत्ता आणि मद्रासला असे क्लब १८५६ मध्ये निघाले. तेव्हाची मुंबई डोळ्यासमोर आणा. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावायला लागून दीडच वर्ष झालेलं. विद्यापीठ अजून निघायचंय, ते १८५७ चं.

क्लबचा पहिला अध्यक्ष कॅप्टन हॅरी बार हा लष्करातला साहेब. संस्थापक सभासदांत विल्यम जॉन्सन हा सरकारी नोकरीतला माणूस, तो पुढे पूर्णवेळ फोटोग्राफर झाला. सभासद जमायचे, आपापले फोटो मांडायचे, कुणाचं रसायन का बिघडलं यावर चर्चा व्हायची, प्रदर्शनं भरायची. क्लबचं स्वतःचं नियतकालिकही होतं. आज आपल्या तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कोणती लेन्स घेऊ' ही चर्चा चालते, तिचे पणजोबा तिथले.

फरक होता तो मेहनतीचा. १८५१ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या काचेची पद्धत काढली होती. काचेवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ती काच चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच अंधारात धुवायची. सगळा खेळ काही मिनिटांचा. काच सुकली की काम गेलं. आता हे मुंबईच्या मे महिन्यात करून बघा. कलोडियनमधलं ईथर उन्हाने झरझर उडून जायचं. विहिरीचं पाणी खारं असलं तर काचेवर डाग. बाहेरगावी जायचं म्हणजे अंधाराचा तंबू, काचा, बाटल्या, पाणी असं सगळं बैलगाडीवर लादून न्यायचं. म्हणून लांबच्या प्रवासाला काहीजण मेण लावलेल्या कागदाची पद्धत वापरत. तो कागद आधी तयार करून ठेवता यायचा. चित्र काचेइतकं बारीक यायचं नाही, पण भर उन्हात धावपळ तरी वाचायची.

या क्लबाचं सगळ्यात मोठं काम म्हणजे 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम'. जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन या जोडीने क्लबाच्या आश्रयाखाली तो १८५६ ते १८५८ या काळात काढला. दर महिन्याला एक अंक, असे २४ अंक, प्रत्येकात ३ फोटो आणि सोबत मजकूर. एकूण ७२ फोटो. आज ७२ फोटो आपण हळदीच्या कार्यक्रमात पाच मिनिटांत काढतो. पण फोटो छापखान्यात छापण्याची सोय तेव्हा नव्हती. प्रत्येक प्रतीतला प्रत्येक फोटो काचेखाली कागद ठेवून, उन्हात धरून वेगळा काढावा लागे आणि मग पानावर हाताने चिकटवावा लागे. ढग आले की काम बंद. पावसाळ्यात या मंडळींचे काय हाल झाले असतील ते कोकणातल्या स्टुडिओवाल्यांना वेगळं सांगायला नको.

आता आपल्या माणसांकडे येऊ. डॉ. भाऊ दाजी लाड हे नाव भायखळ्याच्या म्युझियममुळे सगळ्यांना माहीत आहे. मूळ गोव्यातल्या मांद्र्याचे. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाले, शिलालेख वाचले, अजिंठ्याच्या लेखांवर काम केलं, दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. ते या क्लबात होते. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तर क्लबाच्या कार्यकारी मंडळावर बसले आणि स्वतः उत्तम फोटोग्राफर म्हणून नावाजले गेले. त्यांच्या फोटोंत मुंबईतल्या रोजच्या रस्त्यावरची माणसं दिसतात. दवाखाना सांभाळून हा गृहस्थ काचा धूत बसायचा.

तिसरं नाव हरिश्चंद्र चिंतामण. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला होता, त्यात ते शिकले. १८५६ मध्ये क्लबाच्या प्रदर्शनात त्यांचे फोटो लागले. पुढे त्यांनी मुंबईत स्टुडिओ थाटला आणि १८६७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनापर्यंत त्यांचं काम गेलं. या धंद्यात उतरलेल्या पहिल्या काही भारतीयांपैकी ते एक. आपल्या फोटोग्राफर संघटनांच्या बॅनरवर कधी कुणाचा फोटो लावायचाच असेल, तर नेत्यांच्या रांगेत एक जागा यांच्यासाठी ठेवायला हरकत नाही.

सरकारलाही या छंदाचा उपयोग लगेच कळला. जुन्या देवळांची आणि मशिदींची चित्रं काढायला चित्रकार बसवायचा तर महिने जात. म्हणून १८५५ मध्ये मुंबई सरकारने तोफखान्यातल्या कॅप्टन थॉमस बिग्जला फोटो काढायला नेमलं. विजापूर, बदामी, ऐहोळे, पट्टदकल असा तो फिरला. वर्ष संपायच्या आत त्याला परत फौजेत बोलावलं. त्याच्या जागी डॉ. पिगू आले, ते १८५८ मध्ये वारले, मग डॉ. नील. या तिघांच्या फोटोंचे मोठे ग्रंथ १८६६ मध्ये निघाले. अहमदाबादवर एक, विजापूरवर एक, धारवाड-म्हैसूरवर एक. त्यासाठी मुंबईच्या प्रेमचंद रायचंद, करसनदास माधवदास अशा शेठ लोकांचा पैसा लागला. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता, तो पैसा असा गोल घुमटाच्या फोटोंपर्यंत पोचला.

असंच एक नाव अजिंठ्याचं, रॉबर्ट गिल. १८४४ पासून तो अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होता. त्याने पाठवलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण मधल्या काळात त्याने कॅमेरा हाती घेतला होता. लेण्यांचे त्याने काढलेले फोटो १८६४ मध्ये पुस्तकात आले होते आणि ते टिकले. गिल १८७९ मध्ये गेला. त्याची कबर भुसावळला आहे. भुसावळच्या मित्रांनो, कधी जाऊन बघा.

इथवर सगळं छान छान. पण क्लब म्हटला की माणसं आली, आणि माणसं आली की राजकारण आलं. ते बघायला कलकत्त्याला जावं लागतं. तिथल्या क्लबात राजेंद्रलाल मित्र हे विद्वान सभासद होते, पदाधिकारीही होते. १८५७ साली एका जाहीर सभेत त्यांनी गोऱ्या निळीच्या मळेवाल्यांवर सडकून टीका केली. मफस्सलच्या कोर्टात गोऱ्यांवर खटले चालावेत की नाही, यावर तेव्हा रान पेटलेलं होतं. भाषणाचा फोटोग्राफीशी काडीचा संबंध नव्हता. तरी क्लबातले गोरे सभासद खवळले आणि मित्रांना क्लबातून काढून टाकलं. लेन्स सगळ्यांना सारखंच दाखवते, पण लेन्सच्या मागे कुणी उभं राहायचं हे तिथे कातडीच्या रंगावर ठरलं. मित्रांनी मात्र काम सोडलं नाही. ओरिसाच्या पुरातन वास्तूंवरचा त्यांचा ग्रंथ पुढे दोन खंडांत आला.

लेन्सच्या मागचा प्रश्न असा. पुढच्या माणसाचं काय? माझ्या मते खरा मुद्दा हाच आहे.

आपल्या मुंबईच्या जॉन्सनने १८६० च्या दशकात मुंबईतल्या निरनिराळ्या समाजांच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यातल्या बऱ्याच फोटोंत माणसं एका ठिकाणी उभी करून फोटो घेतला, त्यांची आकृती कापली आणि दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवली. आज आपण मोबाईलवर मागची भिंत पुसून ताजमहाल लावतो, तेच काम कात्रीने. फोटोखाली लिहिलं काय? जात, पंथ, धंदा. त्या माणसाचं नाव बहुतेक ठिकाणी नाही. मग १८६८ ते १८७५ या काळात सरकारनेच 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे ८ खंड काढले. साडेचारशेहून जास्त फोटो, आणि सोबत कोणती जात इमानदार, कोणती बंडखोर, कोणती चोर अशी शेरेबाजी. १८५७ नंतर इंग्रजांना ही माहिती हवीच होती. त्या खंडांत मुंबईच्या या फोटोग्राफरांचंही काम वापरलं गेलं. रविवारच्या छंदातून निघालेला फोटो असा सरकारी फायलीत जाऊन बसला.

नारायण दाजी किंवा हरिश्चंद्र चिंतामण यांना यासाठी दोष द्यायचा हेतू नाही. नवी विद्या हाती घेऊन ते इंग्रजांच्या शेजारी सभासद म्हणून बसले, हे त्या काळात लहान काम नव्हतं. पण आज ते फोटो लंडनच्या संग्रहालयात नीट जपलेले आहेत, आणि त्यातला गारुडी कोण, कोळीण कोण, तिचं गाव कोणतं, हे कुणालाच सांगता येत नाही. फोटो राहिला, माणूस हरवला.

आता आपल्या गावाकडे या. गेल्या काही वर्षांत आमच्या भागातले जुने स्टुडिओ एकामागून एक बंद झाले. मालक गेला, पोरं पुण्याला, जागा भाड्याने. मागच्या खोलीतली निगेटिव्हची खोकी कुठे जातात? फिल्ममध्ये थोडी चांदी असते म्हणून भंगारवाला किलोवर घेतो. काच असेल तर धुवून फ्रेमला. एका खोक्यात गावाची चाळीस वर्षं असतात. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या बाया, साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम, बाजारपेठ रुंदीकरणात पाडण्याआधीची, यात्रेतला तमाशाचा फड. उजनीचं पाणी उतरलं की जुन्या पळसदेवचं देऊळ वर येतं आणि आपण सगळे ड्रोन घेऊन धावतो. त्या देवळासमोर राहणाऱ्या घरांचे, माणसांचे फोटो कुणाच्या कपाटात आहेत, हे विचारायला मात्र कुणी जात नाही. धरणग्रस्ताला 'आमचं घर इथं होतं' हे सांगायला कधीकधी तेवढाच पुरावा उरतो.

आणि जे फोटो उरलेत त्यावर नावं नाहीत. आपले क्लब आजही तेच करतायत. स्पर्धेत बक्षीस मिळालेल्या फोटोचं शीर्षक असतं 'सुरकुत्यांची कहाणी' नाहीतर 'कष्टाचा घाम'. फोटोग्राफरचं नाव ठळक, त्या आजीचं नाव कुठेच नाही. इंग्रजांनी जात तरी लिहिली, आपण तेवढंही कळू देत नाही. कॅमेरा आपल्या हातात आला, पण सवय त्यांचीच राहिली.

म्हणून यंदाच्या १९ ऑगस्टला प्रत्येक तालुक्याच्या संघटनेने एवढं करावं, ही विनंती. एक, गावातल्या बंद किंवा बंद होऊ घातलेल्या स्टुडिओची यादी करा आणि निगेटिव्ह भंगारात जाण्याआधी ताब्यात घ्या. खोक्यांना ओल लागणार नाही एवढी तरी जागा बघा. दोन, नगर वाचनालय किंवा कॉलेजशी बोलून त्यांचं स्कॅनिंग सुरू करा. पोरांना चांगलं काम मिळेल. तीन, जुने फोटो घेऊन म्हाताऱ्या माणसांजवळ बसा आणि कोण, कुठलं, कधीचं, हे मागे पेन्सिलीने लिहून घ्या. यासाठी निधी लागत नाही, वेळ लागतो, आणि ती माणसं थांबणार नाहीत. चार, यापुढे स्पर्धेच्या अर्जात एक रकाना वाढवा: फोटोतल्या व्यक्तीचं नाव आणि तिची परवानगी. नगरपालिकेत निवडून आलेल्यांनीही हे वाचावं. स्वागत कमानीच्या खर्चात एका गावाचे सगळे जुने फोटो जपून होतात.

तुमच्या गावात असा स्टुडिओ असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा. मालकाचा नंबर जाहीर टाकू नका, मला मेसेज करा. यादी करायला मी बसतो.