वेडी बाभूळ

सोलापूरकडच्या माळांवर जिला वेडी बाभूळ म्हणतात, ती खरी बाभूळ नव्हेच. तिचे जवळचे नाते आहे ते दसऱ्याला आपण पूजितो त्या शमीशी. आणि तिचे माहेर मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचे. दिल्लीकर तिला विलायती कीकर म्हणतात, तमिळ शेतकरी सीमै करुवेलम. ‘सीमै’ म्हणजेही विलायतीच. तिचे परकेपण असे नावातच नोंदले गेले आहे. पण ती आपण होऊन आली नाही, तिला आणविली गेली.

१८७७ च्या सुमारास जमैकाहून तिचे बी मद्रास इलाख्यातील कडप्पा भागात आले. तो काळ दुष्काळाचा. सरपणापायी राने उजाड होत होती. आगगाडीची इंजिनेही लाकूड खात. अशा वेळी पाणी न मागणारे, खाऱ्या जमिनीत तग धरणारे हे झाड वनाधिकाऱ्यांना वरदान वाटले असल्यास नवल नाही. जोधपूर संस्थानाने १९४० साली त्याला राजवृक्षाचा मान दिला. कच्छच्या रणाचे खारेपण थोपविण्यासाठी १९६१ मध्ये बन्नीच्या गवताळ प्रदेशालगत त्याची लागवड झाली.

त्याचा खरा उपद्रव दिसला तो तळ्यांत. रामनाथपुरम, शिवगंगा या तमिळनाडूच्या कोरड्या जिल्ह्यांतील शेती पावसाचे पाणी धरून ठेवणाऱ्या ‘कण्माय’ नावाच्या तलावांवर उभी आहे. त्यांचा गाळ उपसणे, बांध सावरणे ही गावाने अंगमेहनतीने करावयाची कामे. त्या रीतीस ‘कुडिमरामत्तु’ म्हणत. ब्रिटिश अमलात ती रीत विस्कटली. सांभाळ सुटला, गाळ साचला, आणि तळ्यांचे तळ वर्षातील कित्येक महिने उघडे पडू लागले. शेळ्यामेंढ्या या झाडाच्या पाल्याला सहसा तोंड लावीत नाहीत, शेंगा मात्र आवडीने खातात. टणक बी त्यांच्या पोटातून सुखरूप बाहेर पडते आणि लेंडीच्या खतासह गाळात रुजते. तोडावे तर बुंध्यातून नवे धुमारे! वैगई नदीचे पात्रही असेच काट्यांनी भरले.

२०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने ही झाडे काढून टाकण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी राज्य सरकारने कुडिमरामत्तु या जुन्याच नावाने तलावदुरुस्तीची योजना सुरू केली. माझ्या मते या दोहोंत महत्त्वाची गोष्ट दुसरी. झाड मुळासकट उपटले आणि गाळ तसाच राहिला, तर पुढल्या उन्हाळ्यात शेळ्या नवे बी घेऊन येणारच.

शिवाय कोळशाच्या भट्ट्यांचा प्रश्न आहेच. या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे याच लाकडाचा कोळसा पाडून पोट भरतात. ज्या वर्षी पाऊस हुकतो आणि भात हाती लागत नाही, त्या वर्षी त्यांच्या घरात येणारा पैसा बहुधा या झाडाचाच असतो.